ब्रोकेनवरचा लोरेंझ

सूर्य उगवायच्या आधीच ब्रोकेन डोंगराच्या माथ्यावर ही गर्दी! ग्रॅनाइटच्या खडकावर उभा राहून वालेंटिनबुवा ओरडत होता, "या, एकेक या! तुमचं गेलेलं माणूस इथं देवदूत होऊन भेटतं. डोक्यामागचं तेज मात्र ज्याचं त्यालाच दिसतं हं!" लोक त्याच्या पायाशी चीज नि सॉसेज ठेवत होते. देवदूतांना भूक नसते, बुवाला भरपूर होती.

हेडविगताईचा नवरा लोरेंझ लाकडं तोडायला गेला नि याच माथ्यावर हिमवादळात हरवला. प्रेतही सापडलं नाही. आमच्या हार्झच्या डोंगरांत माणूस गेलं की खिडकी उघडतात, जीव बाहेर पडावा म्हणून. ताईनं उघडलीच नाही.

"तो रोज भेटतो मला, ओटीबाई," काल ती मला म्हणाली. "आज तर हात केला त्यानं. उद्या मी त्याच्याकडे जाणार."

बुवाच्या खडकापुढे तुटलेला कडा होता. म्हणून आज शाळेला सुट्टी देऊन मी तिच्याबरोबर चढले.

पाठीमागे सूर्य वर आला. दरीतल्या धुक्यात भलीमोठी आकृती उभी राहिली.

"लोरेंझ! आले रे राजा!" ताईनं पाऊल टाकलं. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. धुक्यात आता दोन आकृत्या होत्या.

"एकेक! एकेकानंच उभं राहायचं!" बुवा किंचाळला.

"ताई, रंगीत कडं कुणाच्या डोक्याभोवती आहे?"

"डावीकडच्या. माझ्या लोरेंझच्या."

"मला उजवीकडच्या दिसतंय. मी उजवीकडे उभी आहे ना! हात वर करा बघू."

तिनं केला. डावीकडच्या आकृतीनंही केला.

"सूर्य पाठीशी, धुकं समोर," मी म्हणाले. "धुक्यावर आपली सावली पडते. थेंबांतून उजेड आपल्याच डोळ्यांकडे माघारी येतो, म्हणून कडं ज्याला त्याला आपल्याच डोक्याभोवती दिसतं."

"पाखंडी बाई!" बुवा माझ्यावर ओरडला. "शाळेत पोरांनाही हेच शिकवतेस?"

"हो, हेच शिकवते."

ताई मटकन खाली बसली. "म्हणजे हात मीच केला होता? मीच मला?"

मला फार वाईट वाटलं. मी तिच्याजवळ बसले, मग तिला हाताला धरून खाली उतरवलं.

घरी आल्यावर तिनं खिडकी उघडली. गार वारा आत आला, आणि लोरेंझ गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली.

म्हणून सांगते, कुणी तुम्हाला तुमचं गेलेलं माणूस दाखवू लागलं, तर आधी सूर्य कुठे आहे ते बघा आणि हात हलवून बघा. दुःख तुमचं खरं आहे. ते सावलीच्या हवाली करू नका.