कवळीच्या गुलाबी रंगाचा माउस

ताई छापखान्यात संगणकावर पुस्तकांची पानं लावते, तीही डाव्या हाताने. तिचा डावखुऱ्यांसाठीचा माउस बारा वर्षांनी बिघडला, तेव्हा कळलं की कंपनीने तो बनवणंच बंद केलंय. तिने सगळी दुकानं पालथी घातली, पण दुसरा कुठलाच माउस हाताला बसेना.

आमचे बाबा कवळ्या बनवायचे. ते म्हणाले, "आण इकडे. मी लोकांच्या जबड्यांची मापं घेतलीत, तुझ्या हाताचं काय घेऊन बसलीस?"

त्यांनी जुन्या माउसचा साचा घेतला, कवळीच्या गुलाबी मसाल्याचं कवच ओतलं आणि आत साध्या माउसचे भाग बसवले. चारदा घासल्यावर तो ताईच्या तळव्यात चपखल बसला.

छापखान्यात मालकांनी विचारलं, "हा कुठे मिळतो?"

"मिळत नाही," ताई ऐटीत म्हणाली. "माझ्या बाबांनी केलाय."