जमीन कुठली धरायची

"जमीन कुठली धरायची?" बाबांनी टेपचं टोक हातात धरून विचारलं.

मोजणीला आलेले साहेब आधी पुढच्या दाराशी उभे राहिले, मग घराला वळसा घालून मागे गेले आणि तिथून मान वर करून पाहू लागले. आमचं घर उतारावर आहे. पुढचं दार वरच्या रस्त्यावर उघडतं, आणि मागची भिंत दोन मजले खाली उतरून ओढ्याकाठी टेकते. गच्चीवर बाबांच्या वायरलेसचा खांब. घरगुती वायरलेसचा अँटेना जमिनीपासून साठ फुटांच्या वर जाता कामा नये असा नियम आहे, आणि कुणीतरी तक्रार केली होती. पुढून मोजलं तर खांब नियमात बसत होता. मागून मोजलं तर बसत नव्हता.

बाबांनी उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं. लिफ्ट मजल्याच्या बोटभर खाली थांबली तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. अशा माणसाला स्वतःच्या घराचा तळमजला सांगता येईना, याचं मला आधी हसू आलं.

"लिफ्टमध्ये आम्ही दार उघडतं तिथून धरतो," ते म्हणाले.

साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी ऑफिसला फोन लावला. तिथल्या एकाने पुढची जमीन सांगितली, दुसऱ्याने मागची, आणि तिसऱ्याने दोन्हींच्या मधली काढा म्हणून सल्ला दिला. साहेबांनी फोन खिशात टाकला आणि डोकं खाजवलं.

"आजोबा, खरं सांगू? मलाही कळत नाहीये. पण चुकायचंच तर मागची धरून चुकलेलं बरं. खांब कापून कमी करावा लागेल."

त्याच दुपारी खांब वरून कापला. आता तुम्ही म्हणाल, खांब थोडा कमी झाला तर झाला, त्यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे? आमच्याकडे कोसळलं.

डोंगरापलीकडे माझा काका राहतो, बाबांचा धाकटा भाऊ. त्याने जन्मभर ट्रक चालवला. दोघं समोरासमोर आले की एकाचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू, आणि त्यातही काका वरचढ. बाबांचं एक वाक्य त्याने कधी पुरं होऊ दिलं नाही. आजी गेली त्या दिवशीही दोघं एकदमच बोलले. कोण काय म्हणालं ते कुणालाच ऐकू आलं नाही, आणि जे ऐकू आलं नाही त्यावरून दोघांनी एकमेकांचा उंबरा सोडला.

मग काकाने ट्रकमधला वायरलेस घरात बसवला आणि इकडे बाबांनीही एक आणला. वायरलेसवर बोलायचं तर अंगठ्याने बटण दाबून धरावं लागतं, आणि ते दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्याचं ऐकू येत नाही. एकाने बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडायचं, मग दुसऱ्याने. आजीला जे कधी जमलं नाही ते त्या बटणाने करून दाखवलं. बाबांनी स्वतःचं नाव ठेवलं 'तळमजला', काकाने ठेवलं 'टॉप गिअर'. रोज संध्याकाळी दोन म्हातारे शहाण्यासारखे बोलायचे आणि आई स्वयंपाकघरातून ऐकत हसायची.

खांब बुटका झाला आणि डोंगर मधे आला. वायरलेसमधून नुसती खरखर.

"तो बोलतोय आणि मला ऐकू येत नाही, की तो बोलतच नाही?" बाबांनी मला विचारलं. "हे कसं ओळखायचं?"

मला काय ठाऊक? मी फोन लावून दिला. दोघंही एकदम सुरू झाले, तिकडून काका 'रुसलास का' म्हणून ओरडत होता, इकडून बाबा खांबाचं सांगत होते, आणि शेवटी बाबांनी फोन माझ्या हातात परत दिला. तरीही ते रोज त्या खरखरीशी बोलत राहिले. 'ओव्हर' म्हणायचे आणि काकाच्या उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबायचे. ते मला बघवत नव्हतं.

एका रविवारी त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, चल, त्याच्याकडे जाऊ.

काकाने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. काकूने चहा आणून ठेवला. दोघं भाऊ समोरासमोर खुर्च्यांवर बसले आणि कपांकडे बघत राहिले. पाळी कुणाची, तेच दोघांना कळत नव्हतं. मलाही कळेना.

मग काकाने खिडकीबाहेर बघत खुर्चीच्या हातावर अंगठा दाबला.

"तळमजला, तळमजला. तुझा आवाज येत नव्हता. मी रोज बोलत होतो. ओव्हर." आणि त्याने अंगठा उचलला.

बाबांनी आपल्या गुडघ्यावर अंगठा दाबला. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. डोळे भरून आले. अंगठा मात्र त्यांनी उचलला नाही.

आणि माझा काका, तो अंगठा उचलला जाईपर्यंत गप्प बसून राहिला.