तीन सुरांखालचं नाव

मी जातं बोलतंय. पुंडलिकनगरातल्या एका घराच्या फाटकाशी माझे दोन्ही दगड पडलेले आहेत. वरच्यावर कोरफडीची कुंडी आहे, खालच्यावर घरातली माणसं चपला काढताना टेकतात. खुंटा केव्हाच बंबात जळून गेला.

तुम्ही मला बघून ओळखणार नाही, पण माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. ‘सरलं दळण’ हे गाणं सुरू होतं, तेव्हा गिटारीच्या आधी घरघर येते आणि दर फेऱ्याला एक ‘टक्’ पडतं. ते मी. लोक म्हणतात, काय भारी यंत्र वापरलंय. यंत्र कसलं डोंबलाचं.

पाचोडजवळच्या एका गावात करीम टाकीवाल्याने मला घडवलं. झिजून गुळगुळीत झालेल्या जात्याला छिन्नीने ठोकून पुन्हा खडबडीत करायचं, म्हणजे टाकी लावायची, हा त्याच्या घरचा धंदा. नवीन जातं तो क्वचितच करी. मला करताना खुंट्याचं भोक त्याच्या हातून जरा सैल झालं. माझी मालकीण मनकर्णाबाई, तिने मला पहिल्यांदा ओढलं आणि खुंटा टक् वाजला.

करीम ओशाळला. “आक्का, पाचर मारून देतो.”

“राहू दे रं करीमभाऊ,” ती म्हणाली. “मला फेरे मोजायला बरं.”

मनकर्णाबाईच्या पाठीवर भाऊ नव्हता. आमच्याकडे दळताना पहिल्या ओव्या देवाच्या असतात, मग माहेराच्या, आणि माहेराच्या ओवीत भावाचं नाव घ्यावंच लागतं. बाकीच्या बाया तिथे ठसक्यात गात आणि ही गप्प होई. एका दिवाळीला करीम चोळीचा खण घेऊन आला, ओसरीवर ठेवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशीपासून तिच्या ओवीत नाव आलं. गावात कुणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही, माझा आवाजच मोठा.

मग अठ्ठेचाळीस सालचा, निजामाचं राज्य बुडालं तो पोलीस ॲक्शनचा भाद्रपद आला. शेजारी शेजाऱ्याला शोधत फिरू लागला. करीम, त्याची बायको आणि चार महिन्यांची पोर मनकर्णाबाईच्या कडब्याच्या खोलीत लपली. पोर रडे. ते बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मनकर्णाबाई दोन दिवस मला फिरवत राहिली. घरात पीठ ठेवायला भांडं उरलं नाही. तिच्या तळहाताचे फोड फुटले आणि खुंटा ओला झाला. आयुष्यात मी एवढं एकच मोठं काम केलं, असं मला अजून वाटतं.

तिसऱ्या पहाटे ती तिघं बैलगाडीत कडब्याखाली लपून निघून गेली. जाताना करीम म्हणाला, “आक्का, आता मी आपणहून नाय यायचा. माझ्यापायी तुझ्या घराला तरास नको. तू हाक मारशील तवाच येईन.”

“मारीन,” ती म्हणाली. “जिथं असशील तिथं ऐकू येईल अशी मारीन.”

तो कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. तिने मात्र हाक सोडली नाही. रोज दळणाच्या शेवटी ती गाई:

सरलं दळण, पीठ भरीते पाटीत
करीम माझा भाऊ, जीव गुंतला वाटेत

मला टाकी लावायला दुसरे लोक आले, तिने त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं. करीमभाऊ येईल तेव्हा लावील. तिचा मुलगा फकिरा जाड्याभरड्या भाकरी खाऊन वैतागायचा. पण मला मनातून बरं वाटे.

फकिरा औरंगाबादेत कंपनीला लागला आणि आम्ही शहरात आलो. भिंतीपलीकडे जब्बार राहायचा. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, डोक्यावर भरमसाट केस आणि हातात गिटार. आमचं दळण सुरू झालं की तो भिंतीला कान लावून बसे. एके दिवशी सरळ घरातच आला.

“खाला, ये गाना दे दो मेरे को. हम लोगां बजाते इसको.”

“रेडिओवर लागंल का?” तिने विचारलं.

“लगेगा, क्यों नै लगेगा.”

“लई लांब ऐकू जाईल?”

“जहाँ रेडिओ, वहाँ तुम्हारी आवाज.”

तेवढ्यावर ती तयार झाली. तिला ना नाव हवं होतं ना हारतुरे. हाक तेवढी लांब जायला हवी होती.

हातगाडीवर घालून मला एका हॉलमध्ये नेलं. रेकॉर्डिंगच्या यंत्रावर बसलेला माणूस म्हणाला, जातं रिकामंच फिरवा, आवाज साफ येईल. मनकर्णाबाई खुंटा सोडून उभी राहिली. जातं रिकामं फिरवायचं नसतं, घरातलं माणूस दुरावतं. तिने कनवटीची मूठभर ज्वारी घातली तेव्हाच मी फिरायला लागलं. हलगीवाल्याने माझ्या ‘टक्’वर ताल धरला, जब्बारने गिटार छेडली आणि तिने डोळे मिटून, माझ्या घरघरीवर आवाज चढवून, करीमचं नाव घेतलं.

गाणं रेडिओवर लागलं त्या दिवशी ती नवं लुगडं नेसली होती. रेडिओला अगदी चिकटून बसली. माझी घरघर आली, टक् आलं, तिचा आवाज आला. सरलं दळण, पीठ भरीते पाटीत. पुढे गिटारीचे तीन सूर वाजले आणि मग ‘माझा भाऊ, जीव गुंतला वाटेत.’

नाव नव्हतं.

“जब्बार,” ती हळूच म्हणाली, “माझ्या भावाचं नाव कुठं गेलं रं?”

जब्बार मान वर करीना. यंत्रावर तिचा आवाज तेवढ्यापुरता खाली घेऊन त्यानेच तिथे गिटार भरली होती. त्याच्या अब्बांनी त्याला लहानपणापासून शिकवलं होतं, बाजारात असो की बसमध्ये, आपलं नाव मोठ्याने घ्यायचं नाही. त्या एका सवयीवर त्यांचं घर अठ्ठेचाळीसमधून वाचलं होतं.

“डर लगा, खाला,” तो म्हणाला. “नाम सुनके कोई गाना बंद कर दिया तो? मैं गाने को बचाया.”

ती त्याला रागावली नाही. “आरं, त्या नावासाठीच गायले होते मी,” एवढंच म्हणाली आणि रेडिओ बंद केला.

तबकड्या मात्र निघून गेल्या होत्या. गाणं असं गाजलं की विचारू नका. हॉटेलात, लग्नात, गणपतीत, कॉलेजात. आणि सगळ्यांच्या तोंडी बसले ते नेमके तीन सूर. पोरं शिट्टीवर वाजवत, आया बाळाला गुणगुणून दाखवत. मनकर्णाबाई रस्त्याने जाताना ते ऐकू आले की पदर कानावर ओढून घेई.

पंधरा वर्षांनी जब्बार एका बाईला घेऊन दारात आला. तिकडे तेलंगणात, बोधनच्या शाळेत शिकवणारी, फहमिदा. तबकडीच्या पाकिटावरचं मनकर्णाबाईचं नाव वाचून, विचारत विचारत ती त्याच्या दुकानापर्यंत पोचली होती. मनकर्णाबाईला तेव्हा दिसत नव्हतं.

“फुप्पू,” फहमिदा म्हणाली. वडिलांच्या बहिणीला त्यांच्यात तसं म्हणतात. “मी करीम टाकीवाल्याची मुलगी. कडब्यात रडणारी.”

मनकर्णाबाईने हात पुढे केला आणि तिचा चेहरा चाचपला. “करीमभाऊ बाहेर उभाय का?”

“अब्बा गेले, फुप्पू. मागच्या साली.”

मग म्हातारीने विचारलं, “त्याला गाणं ऐकू आलं व्हतं?”

फहमिदाला खोटं बोलता आलं असतं. तिने ते केलं नाही. “पहिल्या दिवशीच ओळखलं. म्हणाले, हे टक् माझ्या हातचंय. खण आणला, सदरा धुऊन घेतला आणि रोज रेडिओपाशी बसले, आपलं नाव कधी येतं म्हणून. मग एक दिवस म्हणाले, आक्काला दुसरा भाऊ मिळाला असंल. बरं झालं. तो खण घेऊन आलेय मी.”

जब्बार दाराबाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. मनकर्णाबाई सरपटत माझ्यापाशी आली, चाचपत मूठभर ज्वारी घातली आणि खुंटा धरला. तिच्याच्याने मी जेमतेम फिरत होतं की नाही, कोण जाणे. पण तिने पूर्ण ओवी म्हटली, नाव घेऊन, तीन वेळा. फहमिदाने दुसऱ्या बाजूने खुंट्याला हात लावला. त्या वर्षीच मनकर्णाबाई गेली. खण तिच्यासोबत दिला.

त्यानंतर जब्बार कार्यक्रमात त्या जागी गिटार थांबवायचा आणि माईकजवळ येऊन नाव घ्यायचा. लोकांना वाटे, म्हातारा सूर विसरला. त्याला मदत म्हणून सगळा मांडव शिट्टीवर ते तीन सूर वाजवी, आणि नाव त्याखाली बुडून जाई. पुढे त्याने गाणंच सोडलं.

आता रोज सकाळी वाळूजला जाणारी कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर थांबते. तिच्यात कधी कधी ते गाणं लागलेलं असतं. पोरं डबा मांडीवर घेऊन ते तीन सूर गुणगुणतात. त्यांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलंच नाही.

म्हणून तुम्हाला सांगितलं. मला पुन्हा फिरवा असं मी म्हणत नाही, कोरफड चांगली रुजली आहे. फक्त पुढच्या वेळी ते गाणं लागलं, पीठ पाटीत भरून झालं आणि गिटार सुरू व्हायला आली, की शिट्टी वाजवू नका. तिथे ‘करीम’ म्हणा. हळू म्हटलं तरी चालेल.