विंचरलेल्या बर्फावरच्या दोन रेघा

आयलीच्या गॅरेजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी जो अरुंद स्नोबोर्ड खिळ्याला टांगलेला आहे ना, तो मी. मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. पण मी एकटा आहे तो म्हातारपणामुळे नव्हे. डोंगरावरचे बाकीचे बोर्ड रुंद असतात आणि मऊ बूट घालून मुलं त्यांच्यावर उड्या मारतात. माझ्यावर मात्र कडक प्लॅस्टिकचे बूट घालूनच उभं राहावं लागतं. मला कामही एकच येतं. कड बर्फात रोवायची आणि लांबलचक वळणं कोरत खाली यायचं. तसले बूट आमच्या अख्ख्या गावात एकाच माणसाकडे होते.

त्याचं नाव अर्वो निएमी. तो शाळेची बस चालवायचा. सुट्टीच्या सकाळी यंत्राने नुकत्याच विंचरलेल्या कोऱ्या उतारावर तो सगळ्यांच्या आधी आपली रेघ काढायचा आणि गर्दी झाली की घरी जायचा. वर्षानुवर्षं त्या बर्फावर एकच रेघ दिसायची. लोक म्हणत, अर्वोला माणसं आवडत नाहीत. खरं तर त्याला सोबत हवी होती. एकदा त्याने पुतण्याला या नादी लावलंही होतं, पण पहिलाच बोर्ड स्वतःच्यासारखा लांब आणि ताठ घेऊन दिला. पोरगं दोन दिवस आपटलं आणि पुन्हा डोंगराकडे फिरकलं नाही.

माझा जन्म डोंगराच्या पायथ्याशी, हार्वी कांगासच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, दुकानामागची शेडच ती. त्याने अ‍ॅश लाकडाचे थर जोडून मला मुद्दाम आखूड आणि लवचीक केलं, नवशिक्यांसाठी. दुकानात येणारे मला वाकवून बघत, ‘हे तर खेळणं आहे’ म्हणत आणि शेजारचा लांबडा बोर्ड उचलत. मला फार लागायचं ते.

एका नोव्हेंबरात अर्वो आयलीला घेऊन आला. ती समोरच्या बेकरीत मांसाचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या भाजायची आणि खिडकीतून दर सुट्टीला त्याची रेघ बघायची. मला शिकव, असं ती आपणहून म्हणाली होती. अर्वोचे पाय जमिनीवर नव्हते. त्याने आल्याआल्या सगळ्यात लांब बोर्ड काढून तिच्यापुढे धरला.

“हा घे. आत्ता जड जाईल, पण पुढे कामाला येईल.”

हार्वीने त्याच्याकडे बघितलंही नाही. “आयली, तुझ्या पायाचं माप काय?”

“पाय काय विचारतोस? वेग किती हवा ते विचार की,” अर्वो म्हणाला.

“पुतण्याला वेगच विचारला होतास ना? कुठंय तो?”

अर्वोने हातातला लांब बोर्ड परत ठेवला. हार्वीने मला खाली काढलं. बूट माझ्या कडेबाहेर आला तर बर्फात घासतो आणि माणूस फेकला जातो, म्हणून त्याने बूट अडकवायची बाइंडिंग तिच्या पायाच्या मापाने तिरकी फिरवून आवळली. बाइंडिंगवरूनही दोघांची जुंपली. अर्वोला उभं राहिलं की खट्‌कन बसणारी हवी होती. हार्वीचं म्हणणं, ती फार कडक, नवख्या माणसाची चूक पोटात घालत नाही. शेवटी खाली वाकून हाताने खटका लावायची आली.

“दर वेळी वाकायला लागेल तिला,” अर्वो कुरकुरला.

“वाकेल. तिची कंबर तुझ्यासारखी गंजलेली नाही.”

आयली पुष्कळ पडली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. जमेल तितक्या तिच्या चुका मी पोटात घातल्या. फेब्रुवारीत एका सकाळी अर्वोने खालून वळून पाहिलं, तर बर्फावर दोन रेघा होत्या. त्याचे डोळे भरून आले आणि त्याचा दोष त्याने वाऱ्यावर ढकलला.

पण पहिल्या बोर्डाचं नशीबच असं, की नीट शिकवलं की त्याची गरज संपते. तिसऱ्या हिवाळ्यात आयलीने मोठा बोर्ड घेतला आणि मी या खिळ्यावर आलो. बाहेर हिवाळे येत जात राहिले आणि मला फक्त गाडी निघाल्याचा आवाज ऐकू यायचा. तिच्या भावाने तर मला पाय ठोकून बेकरीबाहेरचं बाकडं करायचं ठरवलं होतं. आयली नको म्हणाली, पण मला खाली काही तिने काढलं नाही.

मग अर्वोचा खुबा गेला. नवा बसवला, तरी त्याने डोंगराचं नाव टाकलं. तो सगळा हिवाळा आयलीने एकटीने रेघ काढली. पुढच्या वर्षी तिने मला गाडीत घातलं आणि थेट त्याच्या दारात नेऊन उभं केलं.

“हे खेळणं? मला?” अर्वो म्हणाला.

“पायाचं माप सांग.”

त्याने माझी कड बोटाने चाचपली. मग त्याने माप सांगितलं. त्याचे पाय मोठे, म्हणून तिने बाइंडिंग माझ्या टोकाकडे आणखी फिरवली. त्याला वाकता येत नव्हतं. रोज सकाळी आयली बर्फात गुडघे टेकून त्याचे खटके लावायची आणि तो तिच्या टोपीवर हात ठेवून तोल सांभाळायचा. आम्ही हळू उतरायचो, पण रेघा पुन्हा दोन झाल्या. तेवढा एकच हिवाळा. पानगळीत अर्वो गेला.

आयलीने मला पुसून परत टांगलं. माझे स्क्रू अजून अर्वोच्याच मापावर आहेत. कधीकधी ती समोर येऊन उभी राहते, हातात स्क्रूड्रायव्हर असतो, आणि तशीच निघून जाते. तिचं दुःख मला कळतं. पण मित्रांनो, मला आठवण म्हणून लटकायचं नाही. वस्तू जपायची म्हणजे नुसती टांगून ठेवायची नव्हे, तिच्यावर पुन्हा कुणाला तरी उभं करायचं. आणि उभं करताना आपली हौस बाजूला ठेवून त्याचा पाय बघायचा.

काल दवाखान्यातली नवी नर्स डेल्फीन गॅरेजच्या दाराशी आली. या गावात ती कुणालाच ओळखत नाही. तिने विचारलं, सकाळी डोंगरावर ती एकच रेघ असते, ती कोण काढतं?

आयलीने स्क्रूड्रायव्हर उचलला. मग तिने मला खाली काढलं, बाकावर आडवं ठेवलं आणि पहिला स्क्रू सैल केला.

“तुझ्या पायाचं माप काय?” तिने विचारलं.