एका डोळ्यासाठी घडवलेली बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी बंदूक आहे. आज माझं लाकूड नवं दिसतं, त्यावर जाऊ नका. माझी नळी जुनी आहे, आणि जे सांगायचं आहे ते तिनेच पाहिलेलं आहे.

स्लोव्हेनियातल्या डोंगरांत, लेनार्ट नावाच्या कारागिराने मला घडवलं, तेही एकाच माणसासाठी. त्याचं नाव ओझ्बाल्ट. लाकडाच्या गिरणीत फळीची ढलपी उडून त्याचा उजवा डोळा गेला होता. उजव्या खांद्याची सवय मात्र काही सुटेना. म्हणून लेनार्टने माझा अक्रोडाचा दस्ता असा वाकवला, की उजव्या खांद्याला टेकवून डाव्या डोळ्याने नेम धरता यावा. त्यासाठी ओझ्बाल्टने रानाचा एक तुकडा विकला. गावातले लोक हसले. "ही बंदूक कोपऱ्यापलीकडचंसुद्धा मारत असेल!" असं शेजारचा रुडॉल्फ म्हणायचा.

पण ओझ्बाल्ट माझ्यावर गाल टेकवायचा तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटायचं. दर शिकारीनंतर तो मला पुसायचा, तेल लावायचा आणि बायकोला, तेरेझ्काला म्हणायचा, "हात लावू नकोस हं, घामाने गंजते." तिने कधीच लावला नाही.

मग एका पावसाळी सकाळी तो डोंगरावर छातीत कळ येऊन कोसळला. लोकांनी त्याला खाली आणलं आणि मला त्याच्या भिजलेल्या लोकरीच्या कोटात गुंडाळून तेरेझ्काच्या हाती दिलं. तिने मला तसंच कपाटात ठेवलं, कोटासकट. कुलूप लावलं. तो कोट उघडायचा धीर तिला झाला नाही. ओली लोकर मला चिकटून राहिली. मायेनेच मला गंज चढला, मित्रांनो, आणि मी ओरडूही शकले नाही.

तिच्याकडे परवाना नव्हता. सरकारने दिलेली मुदत संपायच्या आत मला विकायचं, नाहीतर सरकारात जमा करायचं. जमा झालेल्या बंदुका वितळवतात. तिला मला विकायचंच होतं, कारण ओझ्बाल्टच्या थडग्यावर अजून लाकडी क्रूसच होता, दगड बसवायचा राहिला होता.

रुडॉल्फ आला. त्याने मला कोटातून काढलं, वरवर फडकं फिरवलं आणि म्हणाला, "वहिनी, बाराशे युरो देतो. दस्ता बदलावा लागेल, पण नळी नामी आहे."

"एवढेच? त्याने सहा हजार मोजले होते!"

"ते त्याच्या तोंडाच्या मापाचे, वहिनी. माझं तोंड सरळ आहे."

तिने लेनार्टला बोलावून घेतलं. म्हातारा काठी टेकत आला. त्याने मला उचललं, कपाळाला लावलं, मग खिडकीकडे धरून नळीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लेनार्टदादा, सांगा की त्याला," तेरेझ्का म्हणाली. "तुमच्या हातची आहे."

"माझ्याच हातची आहे," तो म्हणाला, "म्हणूनच सांगतो. नळीच्या तोंडाजवळ गंजाने आतून खड्डे पडलेत. तेवढा तुकडा कापावा लागेल. दस्ता दुसऱ्या कुणाला चालणार नाही. रुडॉल्फ, सातशेच्या वर एक पैसा देऊ नकोस."

तेरेझ्का लेनार्टकडे वळली.

"तो बाराशे देत होता! तुम्हाला दोन मिनिटं तोंड बंद ठेवता आलं नाही?"

"ठेवलं असतं, बाई. मग हा हिला घेऊन डोंगरावर गेला असता. गोळी बाजूला गेली असती, हरिण पोट फाटून दोन दिवस झाडीत पडलं असतं. ओझ्बाल्टच्या बंदुकीने."

"मग सहा हजार कुठे गेले?"

"वापरले त्याने," लेनार्ट म्हणाला. "सगळे वापरले. उरलं ते हे एवढंच."

ती रडली नाही. तिने मला दोन्ही हातांनी घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. दस्त्यावर गाल ठेवला, जिथे त्याचा गाल घासून लाकूड गुळगुळीत झालं होतं तिथेच. तिचा चेहरा त्या वळणात बसेना. तिने थोडं इकडे, थोडं तिकडे करून पाहिलं. रुडॉल्फ टोपी हातात धरून दाराबाहेर पाहत राहिला. मग तिने मला त्याच्याकडे दिलं.

"सातशे आण," ती म्हणाली.

लेनार्टने माझा दस्ता उतरवला, नळीचं तोंड कापलं आणि मला सरळ लाकूड बसवलं. आता मी सरळ मारते. रुडॉल्फ तेल लावतो, पण घाईत. जुना दस्ता कुणी मागितला नाही. तो लेनार्टच्या चुलीत गेला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची एखादी लाडकी वस्तू मागे राहिली असेल, तर ती दुःखासकट कपाटात कोंडू नका. बाहेर काढा, कोरडी करा, हाताळा. दुःख थांबतं, गंज थांबत नाही.

परवा रुडॉल्फ मला खांद्याला अडकवून तेरेझ्काच्या कुंपणाजवळून चालला होता. ती बटाटे काढत होती. मान वर करून तिने त्याला हात केला, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "नवी घेतलीस का रे?"