चौथ्या मजल्यावरचं उत्तर

तंटा मिटवायला आलेल्या इंद्रायणीने साइट ऑफिसमधलं टेबल भिंतीला लावलं आणि दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता जराशा तिरक्या ठेवल्या. भांडणातली माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसली की आवाज चढतात, असं तिला पुण्याच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं.

मायाप्पा मुकादम दारातच थांबला.

"ह्येच्या शेजारी मी न्हाय बसायचो."

"खुर्ची चावत न्हाय, मामा," लिफ्ट चालवणारा शिवशरण खाली बघतच म्हणाला.

"खुर्ची न्हाय चावत. मानूस खातोय की."

"बसा, मायाप्पा." इंद्रायणीने मुद्दाम आवाज खाली आणला. "आज फक्त ऐकायचंय."

होटगी रोडवरच्या या इमारतीचं काम धुळा पडल्यापासून बंद होतं. धुळा हा मायाप्पाच्या बहिणीचा मुलगा. सिमेंटचा माल वाहणारी लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, धुळाने मालाने भरलेली हातगाडी ओढून घेतली, आणि त्याचा एक पाय लिफ्टच्या फळीवर असतानाच खाली शिवशरणने ब्रेक सोडला. तपासणीत ब्रेक चांगला निघाला होता. ब्रेकपाशी उभं राहून वरचं काही दिसत नाही, म्हणून साइटवर एकच रीत होती. लिफ्टवाल्याने विचारायचं, 'सोडू का?' आणि लिफ्ट ज्या मजल्यावर असेल, तिथल्याच माणसाने उत्तर द्यायचं. उत्तर आलं होतं, असं शिवशरण सांगत होता. मायाप्पा त्याला खोटारडा म्हणत होता. आज मिटलं नाही, तर मालक सगळा दोष शिवशरणवर टाकून मोकळे होणार होते.

"शिवशरण, तुम्ही सांगा."

"इचारलं, सोडू का. वरनं आवाज आला. सोडली." तो उजवा तळवा मांडीवर घासत राहिला. "आजून येतो म्याडम. लिफ्ट बंद हाय, नुसता खाली बसलो तरी येतो."

"अजून येतो," इंद्रायणी म्हणाली. समोरच्याचे शेवटचे शब्द परत म्हणायचे, म्हणजे आपण ऐकतोय हे त्याला कळतं.

मायाप्पा उसळला. "मेलेलं पोरगं ह्येच्याशी बोलतंय व्हय? माज्याशी न्हाय, आयशीशी न्हाय, ह्येच्याशी! माजी भैन बनाबाई तिकडं गावाकडं, मैंदर्गीत, दारात बसून हाय. तिला काय सांगू मी?"

"काय सांगू मी," इंद्रायणी हळूच म्हणाली.

मायाप्पाचे खांदे थोडे उतरले. तो खुर्चीत बसला. शिकवलेलं लागू पडत होतं. तिने पुढची पायरी घेतली.

"आता जागा बदला. एकमेकांची बाजू स्वतःची समजून सांगायची. मायाप्पा, तुम्ही शिवशरण. 'मी' म्हणून बोला."

"नाटक हाय का ह्ये?"

"एकदाच."

दोघं उठले, एकमेकांना न शिवता खुर्च्या बदलून बसले. मायाप्पाने ब्रेकचा दांडा धरल्यासारखी मूठ वळली.

"मी खाली हुतो. ऊन लई हुतं. गाडी वर गेली. मग मी इचारलं, सोडू का?" त्याने छताकडे पाहिलं आणि दुसरा हात तोंडाशी नेला. "वरनं आवाज आला, 'सोड की रं, माल संपलाय हितं!'"

"माल संपलाय हितं," इंद्रायणी सवयीने म्हणाली.



शिवशरणने मान वर केली. शब्द अगदी तेच होते. पोलिसांना, मालकांना, तिला, प्रत्येकाला त्याने एवढंच सांगितलं होतं की आवाज आला. आवाज काय म्हणाला, हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. आणि धुळा तर त्याला अण्णा म्हणायचा, अरेतुरे कधीच नाही.

"मामा," तो म्हणाला, "त्या टायमाला तुमी कुटं हुता?"

"तिसऱ्यावर. गिलावा चालू हुता, खालनं माल यायचा हुता की."

मायाप्पाची मूठ अजून वळलेलीच होती. त्याने त्या मुठीकडे पाहिलं, आणि एकेक बोट सोडवत ती उघडली.

प्रश्नानंतरच्या शांततेत आपण बोलू नये, असंही प्रशिक्षणात सांगितलं होतं. इंद्रायणी बोलली नाही. पण ते प्रशिक्षणामुळे नव्हतं.

शिवशरण उठला. "मिटलं, म्याडम. मालकांना तसं कळवा. लिफ्ट चालू करतो मी. चौथ्यावर कोन ऱ्हानार?"

चौथ्या मजल्यावर जायला एकही माणूस तयार नव्हता.

"मी जातो," मायाप्पा म्हणाला.

दुपारी पहिली खेप चढली. वर लिफ्ट थांबल्याचा धक्का ऐकू आला, मग गाडीच्या चाकाची करकर. शिवशरण ब्रेकवर हात ठेवून उभा होता.

"सोडू का, मामा?"

उत्तर आलं नाही.

इंद्रायणी मागे सरकून उन्हात आली आणि तिने वर पाहिलं. मायाप्पा दोन्ही पाय मजल्यावर रोवून, खांबाला धरून उभा होता. गाडी केव्हाच बाजूला झाली होती. त्याचं तोंड उघडं होतं.

"सोडू का?"

दांड्यावरचा हात शिवशरणने तसाच ठेवला.

"घाई न्हाय, मामा," तो वर बघत म्हणाला.