ताईचे ओठ

पुढच्या महिन्यात आम्हाला एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. आधीच्या मुलांचं काम बघून शिका, असं म्हणत सरांनी वर्गात जुने व्हिडिओ लावले. पहिले दोन छान होते. मग सर म्हणाले, "आता कसं करायचं नाही ते बघा."

पडद्यावर माझी ताई! तीन वर्षांपूर्वीची, आता मी वापरते ते निळं जॅकेट घालून गात होती. गाणं एकीकडे आणि तिचे ओठ भलतीकडेच. वर्ग खो खो हसला. सरही हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"ती माझी बहीण आहे," मी उभी राहून म्हणाले.

"मग विचार की तिला, ओठ का जुळत नाहीत ते!" पुन्हा हशा.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. ती घरी आली तशी, चपलाही काढू न देता मी तिच्यावर खेकसले, "असलं कसं गं केलंस तू?"

तिचा चेहरा उतरला. "रस्त्यात गाणं मोठ्याने लावायची लाज वाटली आम्हाला. मी नुसती आठवून गायले, मूळ गाणं नंतर वरून जोडलं. दर वेळी लय पुढेमागे. मग जुळणार कुठून?"

"आणि कुणी सांगितलं नाही?"

"द्यायच्या आधी पंधरा दिवस सरांना दाखवला होता. फोनवर बोलता बोलता बघितला त्यांनी. म्हणाले, चालेल."

चालेल! आणि आता तोच दाखवून हसवतायत!

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. "आठवत नाही," ते म्हणाले. तपासायच्या पेपरांतून मानसुद्धा वर केली नाही.

आमच्या शूटिंगला ताईने सुट्टी काढली. भला मोठा स्पीकर तिनेच धरला. वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ ओरडले, "आवाज कमी करा!"

"एकच कडवं राहिलंय, काका!" ताईने त्यांच्याहून मोठा आवाज लावला.

ओठ शब्दाशब्दाला जुळले.

जुन्या कामातून काय शिकलो, ते प्रत्येक गटाने वर्गासमोर दहा मिनिटांत सांगायचं होतं. मी दिवे घालवून ताईचाच व्हिडिओ लावला. दुकानाच्या काचेत तिने स्वतःचा चेहरा आणि मागचा रस्ता एकाच वेळी पकडला होता. तो शॉट आम्ही जसाच्या तसा उचलला, असं सांगून टाकलं. मग ओठांवर आले.

"ही चूक व्हिडिओ द्यायच्या पंधरा दिवस आधी सरांनी पाहिली होती. तेव्हाच सांगितलं असतं, तर अर्ध्या दिवसात पुन्हा शूट करता आलं असतं."

कुणी हसलं नाही. सरांनी उठून दिवे लावले. "पुरे. वेळ संपली."

"अजून चार मिनिटं आहेत, सर," मी म्हणाले. बटणापाशी गेले आणि दिवे घालवले.